हौशी रेस गाडी आणि पेट्रोलची कटकट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीनंतर माती सुकली, ऑटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यती) सुरू झाले की मला तेच ते फोन येतात. गाडी वर ओढत नाही, वळणात मरते, गरम झाली की चालू होत नाही, आणि फोन करायच्या आधी प्रत्येकाने गाडीतला पेट्रोलचा पंप बदललेला असतोच. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी सरळ लिंक पाठवीन. हे सगळं जिप्सी, एस्टीम, झेन, स्विफ्ट, जुनी सिटी असल्या गाड्या स्वतःच्या खिशातून पळवणाऱ्यांसाठी आहे. मोठ्या टीमकडे डेटा बघायला वेगळा माणूस असतो, आपल्याकडे धड मल्टीमीटर निघाला तरी पुष्कळ झालं.

गाडी मिस मारते. पेट्रोल कमी पडतंय की करंट, कसं ओळखायचं?

कानाने थोडंफार कळतं. करंट तुटला की गाडी झटके देते, कोणी किल्ली बंद-चालू करतंय असं वाटतं, टॅकोचा (आरपीएम मीटरचा) काटा पण कधीकधी उड्या मारतो. पेट्रोल कमी पडलं की तशी तुटत नाही, गळा दाबल्यासारखी हळूहळू दम सोडते, पाय थोडा वर घेतला की जरा सुधारते आणि परत दाबला की परत तेच. पण पंपाचा रिले (पंपाला करंट देणारा स्विच) ढिला असेल तर पेट्रोलचा प्रॉब्लेमसुद्धा झटकेच देतो, त्यामुळे नुसत्या कानावर विसंबू नका.

वाइडबँड मीटर (सायलेन्सरमधल्या सेन्सरवरून मिश्रण दाखवणारा) असेल तर फुल थ्रॉटलला आकडा, म्हणजे एका भाग पेट्रोलला हवेचे भाग, १२.५ ते १३ च्या आसपास हवा, १४ च्या वर गेला तर लगेच पाय काढा, नाहीतर पिस्टनला भोक पडेल. इथे एक गोची आहे जी मला कळायला दोन सीझन लागले. स्पार्क मिस झाला तरी मीटर लीनच (पेट्रोल कमी, हवा जास्त) दाखवतो, कारण न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन तसाच सायलेन्सरमध्ये जातो आणि सेन्सर फक्त ऑक्सिजन बघतो, पेट्रोल नाही. मग आपण पेट्रोल वाढवत बसतो, आणि प्रॉब्लेम असतो फाटलेल्या प्लग केबलचा. त्यामुळे मीटर लीन म्हणतोय आणि त्याच क्षणी फ्युएल प्रेशर मात्र सरळ रेषेत आहे, असं असेल तर आधी प्लग, केबल, कॉइल बघा, आणि ते ठीक निघालं की मग इंजेक्टरकडे वळा.

मग पंप बदलू का नको?

नको. निदान आज तरी नको. पंप बदलणं हे आपल्याकडे तापावर क्रोसिनसारखं झालंय. पेट्रोल टाकीतून सिलेंडरपर्यंत जाताना टाकीचं हवेचं भोक (व्हेंट), पंपाच्या तोंडाची जाळी, पंप, त्याची वायर, फिल्टर, पाइप, इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी रेल, प्रेशर राखणारा रेग्युलेटर, इंजेक्टर एवढ्यातून जातं, आणि यातल्या फुकट बघता येणाऱ्या गोष्टी आधी बघायच्या.

सगळ्यात फुकट म्हणजे टाकीचं झाकण. गाडी दम सोडायला लागली की लगेच थांबून झाकण उघडा, फस्स करून हवा आत ओढली गेली तर टाकीत व्हॅक्यूम झालाय, पंप बिचारा बंद बाटलीतून स्ट्रॉने ओढतोय. आमच्या एका जिप्सीने मला यात चार रविवार घालवायला लावले. पंप बदलला, फिल्टर बदलला, रेग्युलेटर उसना आणून लावून बघितला, तरी दरवेळी सात-आठ मिनिटं पळाली की गाडी ढेपाळायची आणि दहा मिनिटं उभी राहिली की ठणठणीत. शेवटी टाकीच्या व्हेंटची नळी काढून फुंकर मारली तर हवा जाईना. तारेने कोरलं तर आतून माती निघाली, कुंभारीण माशीने पावसाळ्यात शेडमध्ये उभ्या गाडीच्या व्हेंटमध्ये घर बांधलं होतं, अळ्यांसकट. तेव्हापासून उभ्या गाडीच्या व्हेंटच्या तोंडाला मी स्पंजचा तुकडा दोऱ्याने बांधतो, आणि रेसच्या सकाळी तो काढायचा हे स्टिअरिंगला चिठ्ठी चिकटवून लिहितो.

फ्युएल प्रेशर किती हवं आणि गेज लावायचा कुठे?

तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा खरा. ढोबळ सांगायचं तर रिटर्न लाइन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) असलेल्या जुन्या एमपीएफआय (इंजेक्शनवाल्या) गाड्यांत अडीच ते तीन बार, रिटर्न नसलेल्या नव्या गाड्यांत साडेतीन ते चारच्या आसपास. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, हे लक्षात ठेवा, कारण बाजारातला निम्मा माल पीएसआयचा असतो आणि लोक आकडे मिसळतात.

खरा मुद्दा म्हणजे उभ्या गाडीत मोजून काही कळत नाही. आयडलला इंजिन पेट्रोल पितंच किती, मेलेला पंपसुद्धा तेवढं देतो! लोडवर मोजायचं. स्वस्त जुगाड म्हणजे रेलजवळ टी टाकून चांगल्या ब्रेडेड होजवर गेज काचेच्या बाहेर, वायपरपाशी घट्ट बांधायचा आणि आतून मोबाइलने शूट करायचं. गेजसाठी पेट्रोल भरलेली नळी केबिनमध्ये आणायची नाही, कितीही सोयीची वाटली तरी नाही. त्यापेक्षा चांगलं म्हणजे ०-१० बारचा पाच व्होल्टवाला सेन्सर बसवून ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) किंवा लॉगरमध्ये घ्या, मग फक्त वायर आत येते.

आणि मग ग्राफ बोलायला लागतो. आरपीएम वाढेल तसं प्रेशर हळूहळू उतरत गेलं तर पंप, व्होल्टेज किंवा फिल्टर. फक्त वळणात खड्डा पडला तर पंपाच्या तोंडाशी पेट्रोलच नाही. आयडलपासूनच प्रेशर जास्त असेल तर रिटर्न पाइप कुठेतरी दाबलाय, जॅक लावताना बहुतेक. रिटर्नवाल्या गाडीत रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी पण काढून हुंगा, पेट्रोलचा ओला वास आला तर आतला डायफ्राम फाटलाय आणि इंजिन ते पेट्रोल मागच्या दाराने पितंय.

माझा पंप इंजिनला पुरतो का, हे मोजता येतं का?

येतं, कॅन आणि घड्याळ पुरे. पेट्रोल इंजिनला दर एचपीला तासाला साधारण अर्धा पाउंड पेट्रोल लागतं, म्हणजे १०० एचपीला तासाला २३ किलोच्या आत-बाहेर, म्हणजे ३१ लिटर. जिप्सी-एस्टीमचं ८०-८५ एचपीचं १३०० सीसी इंजिन धरलं तर २६ लिटर तासाला, ३० सेकंदांत सव्वादोनशे मिली. त्यावर ई२० चे (२० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचे) सात-आठ टक्के आणि वर पाव हिस्सा मार्जिन टाका, ३०० मिली झाले.

आता रेग्युलेटरनंतरची रिटर्न नळी काढून कॅनमध्ये सोडा, रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढा, पंपाचा रिले जंपर करून ३० सेकंद चालवा, बॅटरीला चार्जर लावलेला असू द्या म्हणजे चालत्या गाडीइतकं व्होल्टेज मिळेल. पंपाची नळी सरळ कॅनमध्ये सोडून मोजू नका, समोर प्रेशर नसताना कुठलाही पंप पहिलवान असतो. ३०० पेक्षा कमी आलं तर प्रॉब्लेम सापडला. ३०० ला जेमतेम पोचला तरी खूश होऊ नका, धडधाकट पंप याच्या दुप्पट तरी देतो.

हे मोकळ्या जागेत करा, चार्जरची क्लिप आधी लावून मग स्विच, आणि कॅन जमिनीवर.

मोजलं, कमी आलं. आता तरी पंप बदलू?

अजून एक मिनिट थांबा. पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज बघा, पंप चालू असताना. बॅटरीवर १३.८ आणि पंपावर ११.५ असं मी इतक्या गाड्यांत बघितलंय की आता आश्चर्य वाटत नाही. वीस-पंचवीस वर्षांची वायर, गंजलेली अर्थ, तीन मालकांनी तीन ठिकाणी टेप गुंडाळून केलेले जोड. व्होल्टेज पडलं की पंप हळू फिरतो, आणि नेमकं जास्त प्रेशरवरच त्याचा दम आधी जातो.

मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं पंपाच्या प्लसवर, पंप चालू. आकडा अर्ध्या व्होल्टच्या खाली हवा. मग हेच मायनसच्या बाजूने. बहुतेक वेळा चोर मायनसकडे सापडतो, कारण टाकीजवळची अर्थ बॉडीला रंगावरच बसवलेली असते. बॅटरीपासून वेगळा फ्यूज आणि रिले घालून जाड वायर मागे नेली की अर्ध्या गाड्या बऱ्या होतात, आणि खर्च पंपाच्या पाव पण नाही.

लांब वळणात गाडी मरते, सरळ रस्त्यावर वाघ. टाकीत पेट्रोल आहे तरी?

हा आपल्या खेळातला सगळ्यात जास्त भेटणारा आजार. गणित सोपं आहे. गाडीवर बाजूने १ जी (तिच्या वजनाइतका) जोर आला तर टाकीतल्या पेट्रोलची पातळी ४५ अंशात तिरकी होते. मातीवर एवढा जोर येत नाही, अर्धा जी धरा. तरी ६० सेंटीमीटर रुंद टाकीत एका भिंतीला आणि दुसऱ्या भिंतीला पेट्रोलच्या पातळीत ३० सेंटीमीटरचा फरक पडू पाहतो, आणि टाकीची उंचीच वीस-पंचवीस असते. म्हणजे पाव टाकी पेट्रोल असेल तर उजव्या वळणात सगळं डाव्या भिंतीला चिकटतं आणि उजवीकडचा पंप हवा ओढतो. कंपनीच्या टाकीत पंपाभोवती वाटीसारखा भाग असतो तो रोजच्या रस्त्यासाठी, हँडब्रेक टर्नसाठी नाही.

ओळखायचं कसं? कुठल्या बाजूच्या वळणात मरते ते लिहून ठेवा. कायम एकाच बाजूच्या वळणात, वळणात शिरल्यावर एक-दोन सेकंदांनी, आणि टाकी भरल्यावर होत नाही, एवढं जुळलं की झालं निदान. मरण वळण संपल्यावर बाहेर निघतानाही येऊ शकतं, कारण पाइपातलं पेट्रोल संपायला वेळ लागतो, म्हणून ड्रायव्हर सांगतो “सरळवर मिस मारते” आणि आपण भलतीकडे शोधतो. ड्रायव्हरला नावं ठेवू नका, त्याला तेवढंच कळतं, ग्राफ बघा.

पहिला उपाय फुकटचा, अर्धी टाकी ठेवून पळा. १० लिटर जास्त पेट्रोल म्हणजे साडेसात किलो वजन, त्याने जेवढा वेळ जातो त्याच्या कित्येक पट एका मेलेल्या वळणात जातो. लोक बूटचं (डिकीचं) कार्पेट, स्टेपनी, मागची सीट काढतात इथवर ठीक आहे, पण पाच लिटर पेट्रोलवर ऑटोक्रॉसला येतात आणि मग मला फोन करतात.

सर्ज टँक लावायचाय, केवढा करू?

सर्ज टँक म्हणजे मेन टाकी आणि इंजिनच्या मधला छोटा टँक, टाकीतला छोटा पंप तो भरत राहतो आणि दुसरा मोठा पंप त्यातून इंजिनला देतो, म्हणजे वळणात हवा ओढली जात नाही. लोक चार-चार लिटरचे ड्रम करून आणतात. गरज नाही राव. वर काढलेला आकडा परत घ्या, १०० एचपीला तासाला ३१ लिटर म्हणजे सेकंदाला साधारण साडेआठ मिली. पंप त्यापेक्षा जास्त फिरवतो, पण न लागलेलं पेट्रोल रिटर्नने परत सर्ज टँकमध्येच येतं, त्यामुळे टँकमधून कमी होतं ते फक्त जळालेलं. म्हणजे एक लिटरचा टँक फुल थ्रॉटलवर जवळजवळ दोन मिनिटं तगतो. एवढं लांब वळण भारतात कुठल्या ट्रॅकवर आहे? एक ते दीड लिटर भरपूर.

आकारापेक्षा जोडणी महत्त्वाची. टँक उभा आणि निमुळता, मोठ्या पंपाची ओढ तळातून, टाकीतून येणारी नळी आणि रेलचं रिटर्न वरच्या भागात, आणि अगदी माथ्यावरून ओव्हरफ्लो मेन टाकीला परत, म्हणजे हवा आपोआप बाहेर जाते. ओव्हरफ्लो बारीक ठेवला तर सर्ज टँकमध्येच प्रेशर चढतं आणि रिटर्न अडतं. टाकीतला छोटा पंप इंजिन जेवढं जाळतं त्यापेक्षा नक्की जास्त देणारा हवा, नाहीतर टँक हळूहळू रिकामा होत जातो आणि पाचव्या लॅपला गाडी मरते, आणि मग पाचव्याच लॅपला का, असा प्रश्न घेऊन लोक ज्योतिषाकडे जायच्या बेतात असतात.

टँक ॲल्युमिनियमचा टिग वेल्ड करून घ्या, कोल्हापुरात उद्यमनगरात किंवा पुण्यात भोसरीकडे सहज होतं. आणल्यावर पाणी भरून हवेचं हलकं प्रेशर देऊन गळती बघा आणि आतला वेल्डिंगचा कचरा धुऊन काढा. माझ्या पहिल्या टँकमधला कचरा सरळ पंपात गेला होता, धुवायचा आळस मीच केला होता. आणि टँक ड्रायव्हरच्या बाजूला उघडा ठेवायचा नाही, मध्ये धातूचा बंद पडदा हवा, स्क्रूटिनीला (रेसआधीच्या तपासणीत) विचारणारच.

फोम भरला तर सर्ज टँकशिवाय भागेल का?

थोडंफार. फोममुळे पेट्रोल हिंदकळायचं कमी होतं, पण लांब वळणात ते शेवटी बाजूला जातंच. फोम पेट्रोलच्या टाकीसाठी बनवलेलाच घ्यायचा, गादीवाल्याकडचा नाही, हे लिहावं लागतंय कारण एकाने खरंच घातला होता. आणि चांगला फोमसुद्धा म्हातारा होतो, बोटाने चोळला की पिठासारखा पडतो, ते पीठ जाळीत जाऊन बसतं. दरवर्षी एक तुकडा काढून चोळून बघा. एफआयएच्या (मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या) मान्यतेच्या रबरी सेफ्टी सेलला (टाकीतल्या पिशवीला) पण पाच वर्षांची मुदत असते, त्यामुळे बाहेरून स्वस्तात आलेला जुना सेल घेताना आधी त्यावरची तारीख बघा.

ई२० मुळे खरंच वाट लागते का?

अर्धं खरं, अर्धी ओरड. फेब्रुवारी २०२३ पासून पेट्रोल पंपांवर ई२० यायला लागलं आणि २०२५ पर्यंत देशभर तेच झालं. इथेनॉल आमच्या ऊसवाल्या भागातूनही येतं, त्यामुळे कोल्हापुरात बसून शिव्या घालताना जरा आवाज खाली ठेवावा लागतो.

इंजिनच्या बाजूने बघा. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७, ई२० ला साडेतेराच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल सात-आठ टक्के जास्त लागतं. रोजच्या चालवण्यात ईसीयू सेन्सर बघून भरून काढतो, पण फुल थ्रॉटलला जुना ईसीयू सेन्सरकडे बघतच नाही, आतल्या ठरलेल्या आकड्यांवर चालतो. जुन्या पेट्रोलवर काठावर ट्यून केलेली गाडी ई२० वर लीन जाते ती अशी. परत ट्यून करा, आणि ट्यूनरशी बोलताना लॅम्डात (त्या पेट्रोलला लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे) बोला, ०.८५ ते ०.८८, म्हणजे पेट्रोल कुठलंही असो, गोंधळ नाही. अँटिनॉकच्या (इंजिनची खटखट टाळायच्या) बाजूने इथेनॉल उलट चांगलं आहे, ते कोणी सांगत नाही.

खरी वाट लागते ती रबराची. जुन्या गाड्यांच्या साध्या रबराच्या ओ-रिंग, पंपाची टाकीतली छोटी नळी, कार्बचे (कार्ब्युरेटरचे) डायफ्राम फुगतात नाहीतर कडक होऊन तडकतात. इथेनॉल टाकीतला जुना गाळ पण सोडवतं, त्यामुळे जुन्या गाडीत पहिल्या काही टाक्यांत फिल्टर पटापट भरतात. ओ-रिंग व्हायटॉनच्या घ्या. टाकीच्या आत बुडणारी नळी वेगळ्या ग्रेडची असते, एसएई जे३० आर१०. बाहेरच्या इंजेक्शन लाइनला आर९ चालतो, पण तोच टाकीत घातला तर बाहेरचं रबर फुगून सुटतं, कारण त्याला पेट्रोल आतून झेलायचं माहीत आहे, बाहेरून नाही. दुकानात सांगितलं तर बरेचदा “सगळं एकच आहे” म्हणतात. नळीवरचं छापील वाचा, छापलेलं नसेल तर ठेवून द्या.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे घरी बघता येतं का?

१०० मिलीचा काचेचा मापक सिलेंडर घ्या, १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल, तोंड बंद करून हलवा, थोडा वेळ ठेवा. इथेनॉल पाण्याकडे जातं आणि खालचा थर वाढतो. १० चा १० च राहिला तर इथेनॉल नाही, ई२० असेल तर पंचवीसच्या आसपास जातो. अगदी अचूक नाही, पण आपल्याला पुरे. ट्यूनिंगच्या दिवशी आणि रेसच्या दिवशी दोन्ही पेट्रोलची टेस्ट केली तर “डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) छान होती” हे रडगाणं कमी होतं.

गरम झाली की चालू होत नाही, अर्ध्या तासाने होते.

एमपीएफआय असेल तर हे करून बघा. किल्ली ऑन करून दोन सेकंद थांबा, ऑफ, परत ऑन, असं तीनदा, मग स्टार्टर. लगेच चालू झाली तर बंद केल्यावर लाइनमधलं प्रेशर उतरतंय, आणि गरम रेलमध्ये पेट्रोलची वाफ होतेय. पेट्रोलचा हलका भाग ३५-४० डिग्रीलाच उकळायला लागतो, तीन बारखाली दाबून ठेवलं तर टिकतं, प्रेशर गेलं की संपलं. प्रेशर कुठून उतरतं ते शोधायला पंप बंद करून रिटर्न नळी चिमटीने दाबा (दात नसलेली चिमटी). टिकलं तर रेग्युलेटर, नाही टिकलं तर पंपातला चेक व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर. गळका इंजेक्टर असेल तर चालू होताना काळा धूर येतो.

दुसरं कारण बाहेर लावलेला पंप. पंप ढकलायला बनलाय, ओढायला नाही. कोणीतरी सोयीसाठी बूटमध्ये टाकीच्या वर लावतो, वर एप्रिल-मेचं ऊन, खाली सायलेन्सर, आणि ओढीच्या बाजूला प्रेशर कमी झाल्यामुळे पेट्रोल तिथेच उकळतं. पंप टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली, टाकीच्या जवळ, सायलेन्सरपासून लांब.

कमी पेट्रोल ठेवून पळवलं की हेच वाढतं. रिटर्नवाल्या गाडीत तेच पाच लिटर पुन्हा पुन्हा इंजिनची गरमी घेऊन टाकीत येतं. वळणात मरायचं निम्मं औषध अर्धी टाकी होतं, इथेही तेच.

फिल्टर कोणता आणि कधी बदलायचा?

पंपाच्या आधी जाड जाळी, १०० मायक्रॉनच्या आसपास, आणि पंपानंतर बारीक, १० मायक्रॉन. उलटं लावलं तर पंप ओढताना गुदमरतो. मातीवर पळत असाल तर सीझनच्या मध्ये एकदा बदलाच, आणि बदललेला फिल्टर फेकू नका, उलटा करून पांढऱ्या ताटलीत ओता. तांबूस पावडर म्हणजे टाकी आतून गंजलीय. काळे कण म्हणजे नळी सुटतेय. पांढरे तंतू दिसले तर कोणीतरी फिटिंगला टेफ्लॉन टेप लावलीय, आणि रबरासारखे चिकट धागे म्हणजे सिलिकॉन सीलंट, जो पेट्रोलमध्ये कधीच टिकत नाही. त्या ताटलीवरून मी गाडीच्या मागच्या मालकाची कुंडली सांगू शकतो.

इंजिन बेमध्ये पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर नको. दिसायला छान, गरमीने कडक होतो आणि एक दिवस नुसता हात लागला तरी तुटतो.

इंजेक्टर साफ करायला बाटलीतलं औषध टाकलं तर?

रोजच्या गाडीत टाका, हरकत नाही. रेस गाडीत काढून बेंचवर टेस्ट करा, चारही समोरासमोर काचेच्या नळ्यांत ३० सेकंद. तीन-चार टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, कारण वाइडबँड चौघांची सरासरी दाखवतो आणि एक सिलेंडर लीन असला तरी तो तिघांच्या आड लपतो. चार प्लग शेजारी ठेवून एकच पांढराफटक दिसला तर हेच. इंजेक्टर मोठे लागतील का याचं गणित पण करता येतं. १०० एचपी, चार सिलेंडर, ८५ टक्के ड्युटी (इंजेक्टर तेवढा वेळ उघडा) धरली तर एकेकाला मिनिटाला १५० सीसीच्या वर. कॅम आणि हेड केलेल्या १३०० ला लोक ४४० सीसीचे बसवतात आणि मग आयडल सापडत नाही म्हणून रडतात.

माझी कार्बची गाडी आहे, जुनी मारुती ८००.

मग प्रेशर ३-४ पीएसआयच, बार नाही! एमपीएफआयचा पंप कार्बला लावला तर नीडल व्हॉल्व्ह उघडून पेट्रोल थेट गरम एक्झॉस्टवर येतं. वळणात मरते किंवा काळा धूर टाकते तर फ्लोट लेव्हल (कार्बच्या वाटीतली पेट्रोलची पातळी) बघा. मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम ई२० वर दरवर्षी बदलून टाका.

पावसाळ्यात चार महिने गाडी उभी असते, टाकी भरून ठेवू की रिकामी?

यावर भांडणं होतात. मी सांगतो ते माझं मत. लोखंडी टाकी अर्धी ठेवणं सगळ्यात वाईट, वरच्या रिकाम्या भागात कोकण-कोल्हापूरच्या हवेत घाम धरतो, गंज तिथूनच. इथेनॉल हवेतलं पाणी पितं, आणि प्रमाणाबाहेर प्यायलं की पाणी-इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतं, नेमकं पंपाच्या तोंडाशी. ई१० मध्ये साधारण अर्धा टक्का पाणी झालं तरी हे होतं, ई२० जरा जास्त झेलतं. त्यामुळे मी जूनमध्ये सगळं पेट्रोल काढून रोजच्या गाडीत घालतो, टाकी उतरवून आत हलका तेलाचा हात फिरवतो, तोंड बांधतो. दिवाळीला ताज्या पेट्रोलने खळबळून ते फेकायच्या कॅनमध्ये, मग नवीन फिल्टर. टाकी उतरवणं जमणार नसेल तर काठोकाठ भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा इंजिन चालवा.

क्लिप, नळ्या याबद्दल काही?

दात असलेली साधी होज क्लिप जास्त आवळली की रबर कापते, इंजेक्शनसाठी आतून गुळगुळीत असलेली क्लिप मिळते ती घ्या. टाकीपासून इंजिनकडे जाणारी मुख्य नळी केबिनमधून न्यायचीच असेल तर जोड नसलेली अखंड, आणि धातूची किंवा ब्रेडेड.

आगीचं काय? विचारायला कसंतरी वाटतं.

विचारा बिनधास्त. पेट्रोलचं काम करताना आधी प्रेशर उतरवा, पंपाचा फ्यूज काढून इंजिन मरेपर्यंत चालू ठेवा, मग बॅटरीचा मायनस काढा. काम झालं की इंजिन चालू न करता पंप प्राइम करून प्रत्येक जोड बोटाने आणि टिश्यूने पुसून बघा, डोळ्याला न दिसणारा ओलावा टिश्यूला दिसतो. पंप टॉगल स्विचवर थेट ठेवू नका. गाडी उलटली, इंजिन बंद पडलं आणि पंप चालूच, असं नको. ईसीयूने इंजिन फिरत नसताना रिले बंद करायला हवा, वर एक इनर्शिया स्विच (धडक बसली की पंप बंद करणारा). व्हेंटला रोलओव्हर व्हॉल्व्ह (गाडी उलटली की व्हेंट बंद करणारा). पेट्रोल भरताना ड्रायव्हर बाहेर, इंजिन बंद, आणि एक माणूस एक्स्टिंग्विशर हातात घेऊन, जमिनीवर ठेवून नाही. टपरी कितीही जवळ असली तरी सिगरेटवाला मित्र वीस पावलं लांब.

ट्रॅकवर जाताना पेट्रोलच्या बाजूचं काय काय सोबत नेऊ?

दोन रिले, चार फ्यूज, एक मीटर आर९ नळी, क्लिपा, बारीक फिल्टर, इंजेक्टर ओ-रिंगचा सेट, मल्टीमीटर, गेज. आणि एक काचेची छोटी बाटली, त्या दिवशी ज्या पेट्रोलवर पळताय त्याचं सॅम्पल भरून तारीख लिहून ठेवायला. पंप पण न्या हवा तर, माझ्या डब्यात एक तीन सीझन झाले सीलबंद पडलाय.